'ऑब्लीक' या शब्दासाठी एक वाक्य

एल्सबर्ग, मिनेसोटा
९ ऑक्टोबर २००३, गुरुवार

बोडिल,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हर्ना ठणठणीत आहे आणि आपली ही मावसबहीण अजूनही गावातल्या प्रत्येक घरात नाक खुपसते आहे. साडेसहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी, म्हणून तूच आता हे पत्र घडी करून ठेवून देशील की काय, अशी भीती वाटते. ठेवू नकोस. काम अगदी लहान आहे.

आपल्या वाचनालयात एक शब्दकोश चाललाय. नव्याने आलेल्या लोकांसाठी. टर्कीच्या कारखान्यात कामाला आलेली सोमाली मंडळी तू असताना चारदोन घरं होती, आता शाळेत निम्मी मुलं त्यांची आहेत. त्यांना पुस्तकी शब्दकोश काय कामाचा? म्हणून गावातल्यांनीच साधासुधा करायचा ठरला. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून मला 'ओ' हे अक्षर आलं. ओव्हन, अनियन, ओल्ड, ओपन, सगळं भराभर उरकलं. आणि अडले कुठे, तर ऑब्लीक!

तू म्हणशील, कांदा आणि भट्टीच्या पंगतीत हा शब्द आला कुठून? हे होदानचं काम. होदान म्हणजे हा सगळा व्याप सांभाळणारी मुलगी. सव्वीस वर्षांची, दोन पोरांची आई, आणि जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "अगं, हा शब्द कोण वापरतं?" तर म्हणते, "टीचर, वापरत कोणी नसेल, पण इथे सगळे तसेच बोलतात. मुकादम माझ्या नवऱ्याला म्हणाला, 'उद्या जरा लवकर आलात तर वाईट होणार नाही.' नवऱ्याला वाटलं, भला माणूस आहे, शुभेच्छा देतोय. तो नेहमीच्या वेळेला गेला आणि त्या दिवसाचं काम हातचं गेलं. या बोलण्याला तुमच्यात नाव असेल ना? ते नाव मला पुस्तकात पाहिजे."

मी तो शब्द यादीत घातला.

नियम कडक आहेत. एका कार्डावर दहाबारा शब्दांत अर्थ, खाली वापराचं एक वाक्य. गुरुवारच्या वर्गात ते मोठ्याने वाचतात, ज्याला कळलं नाही त्याने हात वर करायचा. तीनपेक्षा जास्त हात वर झाले की कार्ड परत, वर होदानची पिवळी चिठ्ठी: 'पुन्हा.' मी लिहिलं होतं, 'ऑब्लीक: सरळ नसलेलं, तिरपं, बोलण्याबाबत, थेट न सांगता आडून सुचवलेलं.' वाक्य, 'त्याने प्रश्नाला ऑब्लीक उत्तर दिलं.' पंधरा हात वर! पोरांना छत्तीस वर्षं नापास केलं, त्याची फेड आता होते आहे.

लहानपणापासून वाक्यं तुला सुचायची. मी निबंधाला तास लावायचे आणि तू माझ्या खांद्यावरून वाकून एका ओळीत संपवायचीस. एक वाक्य पाठव. एवढंच काम.

बाकी ठीक. व्हर्ना सांगत होती, तुझा केंट घर विकून ओरेगनला चाललाय आणि तू ॲरिझोनातच कुठल्यातरी वृद्धांच्या वसाहतीत खोली बघितली आहेस, एक डिसेंबरला सही करायची आहे. मी काही विचारत नाही. कानावर आलं ते लिहिलं. सावत्र मुलगा असून त्याने तुला इतकी वर्षं नीट सांभाळलं, हे त्याचं चांगलं. इकडे थंडी सुरू झाली. वरची खोली मी बंदच ठेवते, रिकामी खोली उगीच गरम कशाला करायची.

रॅग्ना

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोडिल,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेलच. ॲरिझोनात टपाल हळू चालतं, असं व्हर्नाला सांगितलं, आणि ती हो म्हणाली. तिने हो म्हटलं म्हणजे तिचा विश्वास बसलेला नाही.

तोवर मीच दुसरं वाक्य केलं. चर्चच्या तळघरातलं, आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं: 'ताटलीतल्या शेवटच्या लिंबाच्या वडीकडे बघून ती म्हणाली, ही कोणीतरी संपवायला हवी.' मला वाटलं, आता कसे हात वर होतात बघू. झाले. सगळेच्या सगळे. एक दाढीवाले गृहस्थ तर कळवळून म्हणाले, "टीचर, त्या बाईला भूक नाही, मग ती दुसऱ्यांना हुकूम का सोडते?"

"तिला भूक आहे," मी म्हटलं. "तिलाच ती वडी हवी आहे."

"मग खात का नाही?"

"कारण तिला अजून कोणी तीनदा विचारलेलं नाही."

झालं! मग सगळी रीत उलगडून सांगावी लागली. पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'नको गं, खरंच नको'. तिसऱ्यांदा 'बरं, अगदी एवढासा तुकडा'. पहिलं नको हे नको नसतंच, ते नुसतं दार वाजवणं. आपण हे आईच्या मांडीवर शिकलो. पण फळ्यासमोर उभं राहून सांगताना मला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. वर्गात नुसता कल्लोळ. होदान कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे माझी शेजारीण दोन वर्षं माझ्या दारातून उपाशी जाते आहे? आणि तिच्याकडे मी पहिल्याच फटक्यात हो म्हणून केक खाते! काय म्हणत असेल ती मला!"

"खादाड," मी म्हटलं. खरं तेच होतं.

मग एकाने विचारलं, "ऑब्लीक म्हणजे खोटं का?" नाही म्हटलं. "मग खरं?" खरंच, पण बाजूने आलेलं. त्यांना पटलं नाही. मलाही नीट पटलं नाही, पण शिक्षकाने तसं दाखवायचं नसतं.

वर्ग सुटल्यावर होदान खुर्च्या लावता लावता म्हणाली, "टीचर, तुम्ही या शब्दावर इतक्या का चिडता? कांद्यावर नाही चिडलात." मी सहज बोलून गेले की माझ्या बहिणीशी माझं बोलणं नाही. तिचा नवरा वारला तेव्हा मी तिला माझ्याकडे राहायला ये म्हटलं होतं, ती नको म्हणाली आणि ॲरिझोनाला निघून गेली.

"किती वेळा विचारलंत?" होदान म्हणाली.

मी म्हटलं, वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. नुसतं तुझ्या कानावर घालते आहे, बाकी काही नाही.

वाक्य पाठव.

रॅग्ना

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बोडिल,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र आणि मागे एकच ओळ:

'ऑब्लीक: "वरची खोली रिकामीच असते, कोणाला हवी असेल तर," असं ती भिंतीकडे बघून म्हणाली.'

ना नाव, ना 'कशी आहेस'. साडेसहा वर्षांनी एक ओळ आणि तीही अशी!

खरं सांगते, मी इतकी संतापले की कॉफी तशीच ओट्यावर ठेवून अंगणात गेले आणि कोट न घालता उभी राहिले. मग आत येऊन तुला चार पानी पत्र लिहिलं. त्यात होतं की आईला नऊ वर्षं कोणी उचललं, कोणी धुतलं, कोणी भरवलं. तू दर रविवारी शेतावरून यायचीस, तासभर तिचा हात धरून बसायचीस, आणि आई आठवडाभर तुझंच नाव घ्यायची. त्यात होतं की निदान मी विचारलं तरी, बाकी कोणी तेवढंही केलं नाही. ते पत्र मी टाकलं नाही. पण लिहिलं होतं हे तुला कळावं, म्हणून सांगितलं. बघ, हेही आडूनच झालं.

तुझं वाक्य काल वर्गात वाचलं. एकही हात वर झाला नाही. एकही नाही, बोडिल! त्या दाढीवाल्या गृहस्थांनी नुसतं "अच्छा" म्हटलं आणि मान खाली घातली. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "भिंतीकडे कशाला बघते? माणूस समोर आहे ना?" होदानने कार्ड हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने. "त्यांना हा शब्द येतो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आईसारखे आहेत, चुकवता येत नाहीत.

वाक्य पास झालं. अर्थ मात्र अजून पिवळ्या चिठ्ठीतच अडकला आहे. तू बरी आहेस का? गुडघा कसा आहे? हे मी सरळ विचारते आहे.

रॅग्ना

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोडिल,

आज मी शब्दकोशाचं काही लिहिणार नाही.

तुझ्या ऑरिनच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तू कॉफीच्या टेबलाशी उभी होतीस, काळ्या स्वेटरची वरची गुंडी चुकीच्या काजात. मी ती नीट करावी असं मनात आलं आणि मी केली नाही. मी भिंतीकडे बघून ते वाक्य म्हटलं, अगदी तू लिहिलंस तस्संच. तू म्हणालीस, "नको गं, तुला कशाला त्रास." आणि मी म्हटलं, "बरं तर." मग उरलेली हॅमची सँडविचेस कागदात बांधून तुझ्या हातात दिली.

त्यानंतर साडेसहा वर्षं मी प्रत्येकाला सांगत आले, 'मी विचारलं, तीच नको म्हणाली.' पाद्रीबाईंना सांगितलं, व्हर्नाला सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तेच तर वाईट आहे. त्या वर्गातल्या माणसाला मी ठणकावून सांगितलं की ऑब्लीक म्हणजे खोटं नव्हे, आणि घरी येताना मला माझं हेच वाक्य आठवलं.

आता राहिलेलं सांगते. दफन शनिवारी होतं. त्याआधी बुधवारी मी वरच्या खोलीतला पलंग सोडवला आणि चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकला. हो. आधीच. शनिवारी तुला विचारावं लागणार, हे मला माहीत होतं. गाव बघत असणार, न विचारून चालणार नव्हतं. पलंगच नसला म्हणजे माझं मन डगमगणार नाही, असं मला वाटलं. तिथे शिवणयंत्र नेऊन ठेवलं. रिकामी खोली म्हणून मी जी तुला देऊ केली, ती रिकामीही नव्हती.

का, ते विचार. मीच सांगते. आई गेली, पुढच्या वर्षी शाळेतली नोकरी संपली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका घरात एकटी राहिले. सकाळी उठून कोणाची चादर बदलायची नव्हती. कोणी हाक मारत नव्हतं. नऊ महिनेच झाले होते त्याला, बोडिल. मला तू नको होतीस असं नाही, मला कोणीच नको होतं. आणि तू 'नको' म्हणालीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ते पहिलं नको आहे, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. आईच्या हाताखाली वाढलेल्या बाईला ते माहीत नसेल, असं कोणाला सांगू? मला माहीत होतं आणि मी ते खरं धरलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

मला त्याची लाज वाटते. रोज वाटते असं म्हणणार नाही, मध्ये वर्षभर विसरलेही होते. पण चर्चमध्ये शेजारची जागा रिकामी दिसते तेव्हा वाटते.

एवढंच. तुला रागवायचं असेल तर रागाव. मला पत्र आलेलं चालेल.

रॅग्ना

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोडिल,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहिते आहे. पहिली चार हवेपाण्यावर संपली.

काल अर्थ पास झाला. शेवटी मी असं लिहिलं: 'ऑब्लीक: अर्ध्यावर थांबलेलं बोलणं, उरलेलं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.' होदानने विचारलं, "आणि ऐकणाऱ्याने समजून नाही घेतलं तर?" मी म्हटलं, "तर बोलणारा म्हणू शकतो, मी तसं म्हटलंच नव्हतं." वर्गाने टेबलं बडवली. त्यांना पटलं. मुकादमाचा चेहरा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आला असणार.

तीनदा विचारायची रीत पाहुण्यासाठी आहे, त्याला संकोच वाटू नये म्हणून आहे, असं आपण आजवर समजत आलो. आता मला वाटतं, ती विचारणाऱ्याच्याही सोयीची आहे. त्याला दोनदा सुटायची संधी मिळते. मी पहिल्याच संधीला सुटले. म्हणून यावेळी मी तीनदा विचारणार नाही. एकदाच विचारते, पण असं, की त्यातून मला बाहेर पडायला जागा राहणार नाही.

तू इथे राहायला ये. मला तू हवी आहेस.

झालं लिहून. हसू नकोस.

तुझ्यावर उपकार म्हणून नाही. केंट घर विकतोय म्हणूनही नाही. तो विकत नसता तरी मला हे कधीतरी लिहावं लागलंच असतं, फक्त मी आणखी दहा वर्षं लावली असती, आणि आपल्याकडे आता तेवढी आहेत की नाही कोण जाणे. मी बहात्तर, तू अडुसष्ट. मला जेवणाच्या टेबलाशी समोर कोणीतरी बसलेलं हवंय. कोणीतरी नाही, तू. शब्दकोड्यातले चार शब्द आडवे आणि तीन उभे दर रविवारी अडून राहतात आणि ते तुला येत असतील याची मला खात्री आहे.

आता वाईट गोष्टी. मी घोरते, व्हर्ना सहलीला माझ्याबरोबर होती, तिने सांगितलं. आठ वाजता मी घरातली उष्णता कमी करते आणि त्यावर कोणाचं ऐकत नाही. तू गुडघ्याचं रडगाणं गायलीस तर मी एकदा ऐकेन, दुसऱ्यांदा चिडेन. कधीकधी मला दिवसभर बोलावंसं वाटत नाही. तसं वाटलं तर आता तोंडाने सांगेन, पलंग विकणार नाही.

पलंगावरून आठवलं. होदान आणि मी मिळून शिवणयंत्र खाली आणलं आणि नवा पलंग वर चढवला. अर्ध्या जिन्यात ती म्हणाली, "मग त्या हो म्हणाल्या ना?" मी म्हटलं, "अजून विचारलं नाही." तशी ती पलंगाची पट्टी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "टीचर," म्हणते, "तुम्ही लोक पलंगानेसुद्धा आडूनच बोलता!" मी पण बसले मग तिच्या शेजारी. खूप हसलो. त्यानंतर मी थोडी रडले, आणि ती माझी पाठ चोळत राहिली.

एक डिसेंबरच्या आत कळव. सही केलीस की ती खोली तुझी झाली, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, एकदा शब्द दिलास की तू परत फिरणार नाहीस.

रॅग्ना

मेसा, ॲरिझोना
२० नोव्हेंबर २००३

रॅग्ना,

तुझी पाचही पत्रं समोर घेऊन बसले आहे. तुझं अक्षर बिघडलंय. मुलांचं अक्षर बघून गुण कापायचीस, आता बस.

तू लिहिलंस त्यात एक राहिलं. ते तुला माहीत नाही म्हणून राहिलं. 'नको गं' म्हणाल्यावर मी कोट घातला आणि तळघराच्या दाराशी उभी राहिले. चाळीस मिनिटं. लोक येऊन निरोप घेऊन गेले, पाद्रीबाई तीनदा म्हणाल्या, 'बरंय मग, येऊ आता.' केंट गाडी सुरू करून बाहेर बसला होता. मी कोट घालून, घामाने भिजून, तुझी वाट बघत उभी होते. तू बशा विसळत होतीस. पाठमोरी. तू एकदा वळून नुसतं 'अगं' म्हटलं असतंस ना, तरी मी कोट काढला असता.

मग बर्फाचे बूट घ्यायला मागच्या खोलीत गेले. तिथे आपला पलंग, सोडवून भिंतीला टेकवलेला. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर लहानपणी मी नखाने माझं नाव कोरलं होतं आणि त्यासाठी मार तू खाल्ला होतास. तेव्हा कळलं, की तू वळणार नाहीस.

म्हणजे पलंगाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू कधी सांगशील, याची वाट बघत होते. सांगितलंस. बरं वाटलं. रडले, पण बरं वाटलं. आईच्या बाबतीत तुझं खरं आहे. मी रविवारची बहीण होते. तू चार पानं टाकली असतीस तरी चाललं असतं.

राहायला येण्याचं म्हणशील तर मी आता इथे नाव दिलंय. खोली छोटी आहे पण ऊन येतं. गुडघा चढउतार करू देत नाही, तुझा जिना मला आठवतो. तुला तुझी शांतता नऊ महिनेच मिळाली होती, ती आता सवयीची झाली असेल. सोमवारी, एक तारखेला सही आहे.

तेव्हा नको गं. तुला कशाला त्रास.

शब्दकोशाचं छान झालं. त्या होदानला सांग, तिची मला गंमत वाटली.

बोडिल

मेसा
२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

बोडिल,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवलं आहे. किंचाळू नकोस, गुडघा सांभाळ.

तुझं पत्र गेल्या सोमवारी मिळालं. शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. ती कुठली ओळ आहे, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. तेच शब्द, तस्सेच. पण हे पहिलं 'नको' आहे की शेवटचं, हे मला काही केल्या कळेना. आधी वाटलं, रीतीचं आहे. मग वाटलं, नाही, साडेसहा वर्षांनी तिला खरंच नको झालंय, आणि मी पुन्हा माझ्या सोयीचा अर्थ लावते आहे, फक्त या वेळी उलटा. छत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना वाक्याचा अर्थ शिकवला आणि स्वतःच्या बहिणीचं पाच शब्दांचं वाक्य मला लागेना.

होदानला दाखवलं. तिने वाचलं, परत घडी केली आणि म्हणाली, "टीचर, कागदाला तोंड नसतं. जाऊन बघा." मी म्हटलं, अगं, ॲरिझोना म्हणजे काय शेजारचं गाव आहे? "मी मोगादिशूहून आले," ती म्हणाली. मी पिशवी भरायला घेतली. तिने माझ्यासाठी मांसाचे त्रिकोणी समोसे तळून डब्यात भरले आणि विचारलंसुद्धा नाही, सरळ पिशवीत कोंबले. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी बसमध्ये बसले. सगळं जग टर्की खात होतं आणि मी नेब्रास्कात समोसे. दोन दिवस झाले, अंग मोडून आलंय, पायाचे गोळे झालेत, आणि तुमच्याकडे नोव्हेंबरात हे असलं ऊन पडतं, हे कोणी सांगायला नको का?

मी तुझ्या पायरीवर बसले आहे. केंटची गाडी नाही, पण आतून तू आत्ता शिंकलीस, ओळीने चार, म्हणजे घरात आहेस.

आता नीट ऐक. मी तुझ्या तोंडाकडे बघायला आले आहे, भिंतीकडे नाही. तुझं 'नको' खरं असेल तर ते माझ्यासमोर म्हण. मी वाद घालणार नाही, फुगणार नाही, आणि गावात जाऊन 'मी विचारलं, तीच नको म्हणाली' असं सांगणार नाही. सोमवारी तुझ्याबरोबर सहीला येईन, त्या खोलीचे पडदे शिवून देईन आणि मग जाईन. दर रविवारी फोन करेन. तू माझी बहीण आहेस, ती कुठल्याही खोलीत राहिलीस तरी राहशील.

आणि ते 'नको' खरं नसेल, तर ही दुसरी वेळ. चल माझ्याबरोबर. जिन्याची काळजी करू नकोस, वर मी राहीन, खाली तू. मला चढता येतं. तिसऱ्यांदा विचारायला लागलं तर तेही विचारेन, इथेच, या पायरीवर बसून. मला घाई नाही. माझ्याकडे परतीचं तिकीट दोघींचं आहे आणि कोट मी काढून ठेवला आहे.

तू दार उघडून सवयीने विचारशील, कॉफी घेणार का. मी नको म्हणणार नाही. पहिल्याच वेळेला हो म्हणणार आहे, मोठा कप, आणि बरोबर जे काही असेल तेही खाणार आहे.

उघड आता.

रॅग्ना